जन्नतबीचा हात

शहजादीला कोठडीत टाकून आज बारावा दिवस होता आणि जन्नतबीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शहजादी कुठल्या मुलखातली, हे तिला धड माहीत नव्हतं. राजवाडा होता, समुद्र होता, घोडे होते, आणि माणसं तोंडं एकीकडे हलवत हिंदी दुसरीकडे बोलत होती. मालिकेचे तीनशे बारा भाग होऊन गेले होते. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून जन्नतबी खाटेवर बसायची, ती जेवतानाही मान वळवायची नाही. आत्ता शहजादी गजांना डोकं टेकून रडत होती, इकडे जन्नतबी पदरानं डोळे पुसत होती, आणि नेमक्या त्याच वेळी शहजादीच्या कपाळावर अक्षरं उमटली. ‘धोंडाबाई आळे’.

जन्नतबीनं अंगठ्यानं धोंडाबाईला पडद्याबाहेर ढकललं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

ज्या बाईच्या ओट्यावर चाळीस वर्षं पाणी प्यायली, जिच्या घरी पोराला, शाहनवाजला, गोवर निघाला तेव्हा आठ दिवस राहिली, त्या बाईला ढकललं. आणि जी बाई आहे की नाही याचाच पत्ता नाही, तिच्यासाठी टिपं गाळत बसली. माणूस येडं व्हायला लागलं की असंच होतं. एकदम कुणी येडं होत नाही, रोज एक भाग जास्तीचा बघत होतं.

जन्नतबी बांगडीवाली. जुन्नरच्या मण्यारांच्या घरात सून म्हणून आली आणि सासूच्या मागं डोक्यावर पेटी घेऊन गावं फिरायला लागली. आळे, आणे, बेल्हे, इकडं पेठपर्यंत. सासू गेली, पेटी हिची झाली. त्रेसष्ट वर्षांची बाई, पण हात हातात घेतला की डोळे मिटून माप सांगायची. मापाच्या पट्टीला तिनं आयुष्यात हात लावला नव्हता. लग्नातला हिरवा चुडा भरायचा तर तिनंच, हे चाळीस गावांत ठरलेलं. पोरींची हाडं तिला पाठ होती.

आणि मग गेल्या वर्षीचं ते लग्न झालं.

हायवेकडचं एक मंगल कार्यालय होतं. झुंबरं, धुराची मशिन, नवरीला खाली बसवायचं सोडून सिंहासनावर बसवलेलं. कॅमेरावाला सारखा म्हणायचा, मावशी, जरा हळू, मावशी, परत एकदा, मावशी, इकडं बघून हसा. या गडबडीत सातवी बांगडी नवरीच्या हातात वाढली. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. काच जरा शिरली, रक्ताचे दोन थेंब आले. बांगड्या भरताना एखादी वाढतेच. पण नवऱ्याकडची एक आत्या किंचाळली, अपशकुन झाला म्हणून. दुसरीनं मोबाइलवर ते काढलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपवर फिरत होतं, खाली लिहिलेलं, म्हातारीचे हात गेले, आता तरी बसवा घरी. लिहिणाऱ्याला नाव नसतंच. असल्या लोकांना कधी कुणाचा हात धरावा लागत नाही, अंगठा तेवढा चालतो.

जन्नतबी त्या दिवशी घरी आली आणि गुडघा धरून बसली. गुडघा म्हणे चालू देत नाही. डॉक्टरनं फोटो काढला, म्हणाला, गुडघा तुमच्या वयाच्या मानानं झकास आहे, चाला. जन्नतबी चालली नाही. नात तहरीमनं आजीचा वेळ जावा म्हणून जुना मोबाइल दिला. आजीचा वेळ असा गेला की अकरा महिने कुठं गेले ते कळलं नाही.

धोंडाबाई काय हार मानणारी नव्हती. तिनं सत्तारमियांच्या फोनवर फोन लावला. सत्तारमिया म्हणजे जन्नतबीचे यजमान, बांगड्यांच्या दुकानात शाहनवाजच्या गल्ल्यामागं पेपर वाचत बसायचे. ते फोन हातात धरून, स्पीकर चालू करूनच घरात आले.

“हाय का ती म्हातारी, का गेली?” धोंडाबाईचा आवाज आधी घरात शिरला, सत्तारमिया मागनं.

“हाय हाय,” सत्तारमिया म्हणाले. “राजवाड्यात हाय. बोलवतो.”

“जन्नत! श्रेयाचं लगीन हाय बुधवारी. माझी नात. पेठंला दिली. मंगळवारी चुडा. तू येनार.”

“आक्का, माझा गुडघा...”

“गुडघ्यानं भरतीस का बांगड्या?”

“मी शाहनवाजला पाठवते ना. चांगला माल देते, काळजी करू नको.”

“त्याला नंबर कळत्यात. हात न्हाई कळत. त्याच्या दुकानात मी गेले व्हते. मला इचारतो, आजी, साइज काय? म्हनलं, मुडद्या, तुझ्या आईनं मला कवाच इचारलं न्हाई.”

जन्नतबीला हसू आलं. हसू आलं म्हणून भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून तिनं ती युक्ती काढली.

“व्हिडिओवर दाखव हात. श्रेयाला म्हणावं हात पुढं कर. मी बघून माप सांगते. त्यात काय एवढं?”

मोबाइलमधून मणभर राजवाडा दिसत होता, मग एक हात दिसायला काय हरकत होती? पलीकडून श्रेयानं हात दाखवला. उलटा, सुलटा, मूठ मिटून. लांबसडक बोटं, निमुळतं मनगट. पडद्यावर हात कसा गोरागोमटा दिसत होता.

“सव्वादोन,” जन्नतबी म्हणाली. “डोळे मिटून सव्वादोन.”

धोंडाबाईनं नुसतं ‘हूं’ केलं. ‘हूं’ केलं म्हणजे तिला पटलं नव्हतं. पण जन्नतबीनं तेवढ्यात फोन सत्तारमियांकडं दिला होता आणि डब्याकडं मान वळवली होती.

मंगळवारी सकाळी शाहनवाज गाडीत खोकी घालून आळ्याला गेला. साडेदहाला त्याचा फोन आला. अम्मी, एकपण जात नाय. अंगठ्याशीच अडकते. दोन वाढल्या. बायका माझ्याकडं अशा बघतायत की जणू मी चोरीचा माल आणलाय.

जन्नतबीनं लगेच दुसरं माप सांगितलं. “अडीचच्या घाल.”

“घातल्या. त्या कोपरापर्यंत जातायत. लोंबतात. नवरी आहे का मनगटात रिंगा घातलेला पैलवान, असं तिची चुलतीच म्हणाली.”

मग शाहनवाजच्या हातातला फोन कुणीतरी हिसकावला.

“ऐक,” धोंडाबाई म्हणाली. “आमच्यात रीत अशी, आधी नवरीचा हात, मंग बाकीच्यांचे. तुला म्हाईत हाय. मांडवात पन्नास बाया मोकळ्या हातानं बसल्यात. एक म्हनती पत्र्याचं आन, एक म्हनती फासाचं कडं आन, स्क्रू फिरवला की झालं. स्क्रू! पोरीचं लगीन हाय का नळाचं काम?”

“तिला इकडं घेऊन या ना आक्का. मी इथं भरते. घरातच.”

“मांडव घातला की पोरीनं शीव वलांडायची न्हाई. ते बी तुला म्हाईत हाय. तुला सगळं म्हाईत हाय, जन्नत. तुला फकस्त यायचं न्हाई.”

सत्तारमिया दारात उभे राहून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होते, म्हणजे ऐकत होते.

“त्या ग्रुपवरचं मी बी बघितलं,” धोंडाबाईचा आवाज खाली आला. “वरीस झालं. मी तुझी वाट बघत व्हते, का ही आज बोलंल, उद्या बोलंल. तू गुडघ्याच्या मागं लपलीस. कुनापासनं लपतीस गं? माझ्यापासनं? माझ्या लग्नात तू पयल्यांदा पेटी उघडलीस. सासू तुझी शेजारी बसलेली, आन् तू थरथरत व्हतीस. चार वाढवल्यास माझ्या हातात. चार! मोजल्यात मी. आमचं म्हातारं अठ्ठ्याहत्तरीपतुर जगलं. मरताना बी मला शिव्या देत व्हतं. कुठं गेला तो अपशकुन? तवा धरला व्हतास का गुडघा?”

“आक्का,” जन्नतबी म्हणाली. “माझा हात भितो गं. मेरा हात डरता है. पोरीच्या हाताला हात लावला न् परत वाढली तर? लोक म्हणतील...”

“मंग भिऊन भर.”

“काय?”

“भीत भीत भर. पन भर. धीर यायची वाट बघत बसलीस तर पोरीची पोरगी लग्नाला यील.” आणि फोन ठेवला.

डब्याला टेकलेल्या मोबाइलमध्ये शहजादी थांबून राहिली होती, तोंड अर्धवट उघडं, डोळ्यात आणून बसवलेलं पाणी. जन्नतबी तिच्याकडं बघत राहिली. अकरा महिने ती या बाईच्या सुखदुःखात गळ्यापर्यंत बुडाली होती आणि या बाईचा हात उष्ण आहे का गार, हे तिला माहीत नव्हतं. कधी कळणारही नव्हतं. काचेवरून बोट फिरवलं की काचच लागणार.

“इधर आओ,” ती सत्तारमियांना म्हणाली. “हात दाखवा.”

“मैं? काय कू?”

“दाखवा म्हणते ना.”

सत्तारमिया खाटेवर बसले. तिनं त्यांचा उजवा हात हातात घेतला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या हातानं तिला खूप काही दिलं होतं, एकदा एक चापटही दिली होती आणि तिनं दोन परत केल्या होत्या. पण तिनं या हाताला माप म्हणून कधी हात लावला नव्हता. पंजा रुंद, बोटांची पेरं फुगलेली, तळव्याला चाकूची जुनी खूण. तिनं साबण लावला. अंगठा आत दाबला, करंगळीकडनं पंजा वळवून घेतला, आणि पेटीतली अडीचाहून मोठी, देवीच्या मूर्तीसाठी म्हणून ठेवलेली हिरवी बांगडी काढली. थरथरतच तिनं बांगडी सरकवली. अंगठ्याच्या उंचवट्यावर अडली. तिनं श्वास धरला, नेमक्या जागी दाबलं, आणि बांगडी टुपकन पलीकडं गेली.

सत्तारमियांनी हात वर करून बघितला. मिशीवाले, चौसष्ट वर्षांचे, मनगटात हिरवीगार बांगडी.

“अब निकालो,” ते म्हणाले.

निघेना. जाताना गेली, येताना पेर आडवं आलं. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा साबण लावला.

“वाढवू का?” जन्नतबीनं विचारलं.

सत्तारमियांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग सदऱ्याची बाही खाली ओढली, बटण लावलं. “आजच्या दिवशी नक्को. चल. गाडी चुकेल.”

या माणसाला आयुष्यात प्रेमाचे दोन शब्द बोलता आले नव्हते. ते त्या दिवशी बाहीत बांगडी घेऊन जुन्नरच्या स्टँडवर उभे राहिले. बोलणाऱ्यांनी खुशाल बोलावं, एवढं करून दाखवावं आधी.

एसटीच्या पायऱ्या चढताना जन्नतबीला गुडघ्याची आठवणच राहिली नाही, आठवण झाली ती नारायणगाव गेल्यावर. कंडक्टर पोरगी होती. तिनं एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं आणि सत्तारमियांना म्हणाली, “बाबा, आजी तुमच्यापेक्षा निम्म्यात.” खिडकीतून टोमॅटोच्या क्रेटांचा आंबूस वास येत होता, एक टेम्पो आडवा लागला होता, दोन माणसं त्याच्याकडं बघून एकमेकांना शिव्या देत होती. जन्नतबी हे सगळं हावरटासारखी बघत होती. पुढचा भाग कधी येईल, हे तिच्या मनात एकदाही आलं नाही.

आळ्यात मांडवाच्या तोंडाशी धोंडाबाई उभीच होती. वाळकी, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट. तिनं गळामिठी वगैरे काही मारली नाही.

“आलीस? चपला काढ. पोरगी कवाची हात धुऊन बसलीया.”

पन्नास बायकांनी वाट करून दिली. त्यातल्या काहींच्या नजरेत काय होतं ते जन्नतबीला न बघता कळलं. त्या ग्रुपवर त्याही होत्या. ती श्रेयासमोर बसली, पेटी उघडली, आणि पोरीचा हात हातात घेतला.

घेतल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली.

बोटं लांबसडक होती, मनगट निमुळतं होतं, सगळं पडद्यावर दिसलेलं बरोबर होतं. पण अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दगडासारखा होता. आणि तळवा गरम, जाड, जिवंत.

“धार काढतीस तू?”

“हो की,” श्रेया म्हणाली. “अकरा गायी. मशिन हाय, पण त्यातल्या दोघी मशिन लावू देत नाय. त्यांची हातानंच. दोन्ही टाइम.”

“हे मला मोबाइलमधी न्हाई दिसलं.”

“मोबाइलमधी शेण पण न्हाई दिसत,” श्रेया म्हणाली, आणि बायका हसल्या.

“कुंडलिक!” धोंडाबाईनं श्रेयाच्या बापाला हाक दिली. “गरम पानी आन घमेल्यात. आन् खोबऱ्याचं त्याल.”

जन्नतबीनं पोरीचा पंजा गरम पाण्यात बुडवला. तेल लावून अंगठ्याचं बूड चोळायला लागली. घाई केली नाही. कॅमेरावाला नव्हता, सिंहासन नव्हतं, पोरगी पाटावर बसलेली आणि ही तिच्यासमोर जमिनीवर. चोळता चोळता दगड सैल पडायला लागला. तसा हिचाही हात ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखा चालायला लागला. थरथर होतीच. ती थरथरीसकटच काम करत होती.

पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथ्या बांगडीला काच कुठंतरी तडकली, आणि टक् झालं.

वाढली.

अंगठ्यापाशी रक्ताचा बारीक थेंब आला. मागं कुणाचातरी “अगं बाई” असा आवाज झाला, आणि एक मोबाइल वर उचलला गेला. जन्नतबीचे हात जागच्या जागी थिजले. तीच झुंबरं, तीच किंचाळी, सगळं पुन्हा. तिला उठून जायचं होतं. कुठं जायचं तेही माहीत होतं, खाट, डबा, राजवाडा.

श्रेयानं थेंब जिभेनं चाटला.

“आजी,” ती म्हणाली, “परवा लाली गायीनं लाथ घातली, गुडघा हा एवढा सुजलाय. तिच्यावर कुणी अपशकुन म्हणून ओरडलं नाय. तुमी भरा. हात सोडू नका मातर.”

“आन् तो मोबाइल खाली कर गं,” धोंडाबाई मागं न बघताच बोलली. “न्हाईतर मी तिथं येऊन करीन.”

मोबाइल खाली गेला. तेवढ्यात सत्तारमियांनी तहान लागली म्हणून तांब्याला हात घातला, आणि बाहीचं बटण सुटलं. हिरवी बांगडी मांडवात शिरलेल्या उन्हात लखलखली. आधी एकीनं बघितलं, मग दहा जणींनी. मग काय विचारता. हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. “चाचा, तुमचा बी चुडा का?” “चाचा, नवरा कुठला बघितला?” धोंडाबाईसारखी बाई, तिनं तोंडाला पदर लावला. सत्तारमिया तांब्या हातात धरून गंभीरपणे म्हणाले, “मेरी ट्रायल थी. पास झाली ती.”

या हसण्यात जन्नतबीनं पाचवी भरली, सहावी भरली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. सव्वादोन माप चुकीचं नव्हतंच. या हातात सव्वादोनची जायची, पण गरम पाण्यातून, तेलातून, अंगठ्याशी बोलून बोलून. हे शाहनवाजच्या खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. डाव्या हातात अकरा, उजव्यात दहा, पोरीनं हात हलवून वाजवून बघितलं. चुडा मनगटावर बसला, लोंबला नाही की रुतला नाही.

“झालं?” श्रेयानं विचारलं.

“झालं.” जन्नतबीनं तिच्या दोन्ही हातांवरून आपले हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग मान वर केली. “चला. कोण हाय पुढं? हात धुवून या. तेलकट हात नको, मी लावते तेल.”

बायकांची रांग लागली. चुलत्या, मावश्या, जावा, शेजारणी. हातामागून हात येत गेला. कांदा काढून पिवळा पडलेला, पोळलेला, नेलपॉलिश लावलेला, एक हात असा की त्याला फक्त धुणं कळत होतं. चहा आला तो तिनं एका हातानं प्यायला, दुसऱ्यात कुणाचं तरी मनगट होतं. गुडघा आता खरोखर दुखायला लागला होता. धोंडाबाई दोनदा म्हणाली, “टेक जरा.” तिनं मानलं नाही.

दुपार कलली तेव्हा प्राची समोर आली. श्रेयाच्या चुलतभावाची बायको, पुण्याला राहणारी. तिनं डावा हात पुढं केला आणि उजव्या हातानं मोबाइल बघत राहिली. बोट सरसर वर जात होतं.

“तो ठेव,” जन्नतबी म्हणाली.

“तुम्ही भरा ना, मी आहे इथं.”

“न्हाईस. दोन्ही हात दे. अर्ध्या बाईला मी भरत न्हाई.”

प्राचीनं जरा रागानं मोबाइल मांडीखाली सारला आणि दोन्ही हात दिले. जन्नतबीनं ते हातात घेतले. हात गार होते. भर दुपारी, पन्नास बायकांच्या गर्दीत, पत्र्याखाली, बर्फासारखे गार. जन्नतबीनं बांगडी उचलली नाही. नुसते हात धरून बसली, अंगठ्यानं तळवा चोळत.

“काय झालंय गं पोरी?” तिनं हळू विचारलं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतकं.

प्राचीनं आजूबाजूला बघितलं. मग खाली बघितलं, त्या म्हाताऱ्या, तेलकट, किंचित थरथरणाऱ्या हातांकडं. तिचे ओठ हलले, थांबले. जन्नतबीनं पेटी बाजूला सारली, जरा पुढं सरकून कान तिच्याजवळ नेला, आणि प्राची सांगायला लागली.